जास्तीचं म्हणे!

मी हाड बोलतोय. सालमियाच्या उजव्या पायातलं, आतल्या बाजूचं, घोट्याच्या जरा पुढचं. बहुतेकांच्या पायात मी नसतो, म्हणून डॉक्टरांनी माझं नाव ठेवलं, जास्तीचं हाड. जास्तीचं म्हणे! मी काय भाड्याने राहायला आलो? सालमिया जन्मली तेव्हापासून मी तिच्यात आहे. आधी मऊ होतो, तिच्या दहाव्या वर्षी कडक झालो.

मलेशियातल्या केलांतान राज्यात, तिच्या गावात, वेताचा चेंडू पायाने जाळीपलीकडे उडवतात. सालमिया सर्व्हिस करायची, पायाच्या आतल्या बाजूने. सोळाव्या वर्षी अंतिम सामना तोंडावर आला आणि मी ठणकू लागलो. माझ्यामुळे वर आलेलं टेंगूळ लाल झालं, त्यावर बूट घासायचा. तिचे तळपाय मुळातच सपाट. पाऊल आत कलायचं, आणि कमान उचलून धरणारा स्नायूबंध माझ्यावरच चिकटलेला, तो मला ओढायचा. दोष एकट्या माझा नव्हता, हे ठणकावून सांगतो.

आईने तिला मालिशवाल्या मक सोमकडे नेलं. गावात पाय मुरगळला की आधी तीच. तिने माझ्यावर अंगठा रोवला.

"हाड सरकलंय गं. बसवते बघ."

"हळू, मक सोम! मेले!"

"मेलेली माणसं एवढी ओरडत नाहीत."

तीन दिवस आल्याचं तेल लावून तिने मला आत दाबलं. मी हटलो नाही. हटून जाणार कुठे? चौथ्या दिवशी सालमियाला पाऊल टेकवेना.

शहरातल्या डॉक्टरांनी एक्स-रे काढला. "सरकलेलं नाही, जन्माचंच आहे. सहा आठवडे आधाराचा बूट, खेळ बंद. मग व्यायाम आणि बुटात कमानीखाली गादी. तरी दुखलं तर काढून टाकू."

"आणि फायनल?"

"बाकावर बसून बघ."

संघ हरला. सालमिया ढसाढसा रडली, आणि खरं सांगतो, मलाही वाईट वाटलं.

सहा महिन्यांनी ती पुन्हा खेळायला उतरली. मक सोम तिच्यासाठी मासे घेऊन खेळ बघायला आली होती.

"चुकलंच माझं. पण चाळीस वर्षांत असलं हट्टी हाड पाहिलं नाही बाई. काढून का नाही टाकत?"

"दुखणं थांबलंय ना? मग राहू दे. माझंच आहे ते."

आणि तिने सर्व्हिस मारली. आता मला जास्तीचं म्हणून दाखवा!