बिनपाण्याच्या कुऱ्हाडी

"सकाळी नदीअलीकडच्यांनी यायचं, दुपारी पलीकडच्यांनी. हे काय आज ठरलंय? तू सकाळी सकाळी कशाला तडफडलास इथं?" लोहार पलीकडच्या गड्यावर खेकसला.

गडी तरी काय कमी! "मतदान तोंडावर आलंय. दुपारपर्यंत थांबलो तर आमच्यासाठी कोळसा ठेवाल होय तुम्ही?"

त्यावर आमच्याकडचा रेडा पुढं झाला. रेडा म्हणजे आमच्या उमेदवाराचा, गिरणीवाल्याचा, पाळलेला माणूस. मान खांद्यातच गेलेली, म्हणून गावानं ठेवलेलं नाव. "थांब, तुझ्यावरच धार बघतो," म्हणत त्यानं कुऱ्हाड उचलली, तशी लोहारीण भाता सोडून दोघांच्या मधे उभी राहिली.

"मरायचं तर अंगणाबाहेर जाऊन मरा. इथं हात उचलायचा नाही, ठाऊक आहे ना?"

ठाऊक होतं. सगळ्या मुलखात लोहार एकच, म्हणून त्याच्या अंगणात मारामारी नाही, हा जुना रिवाज. दोघंही गुरगुरत मागं सरले.

मी हे कुंपणावरून बघत होते. मी सुताराची बायको. लोहार पात करतो, आम्ही दांडा करतो. दोन अंगणांच्या मधे एक कुडाचं कुंपण, तेही माझ्या शेळ्यांनी निम्मं खाल्लेलं. तेव्हा मला विचारू नका की तुला कसं कळलं. या मतदारसंघाची प्रत्येक निवडणूक आमच्या दोन अंगणांतून गेलेली आहे.

मतदारसंघ म्हणजे मधे नदी, अलीकडं आमची गावं, पलीकडं त्यांची, आणि निवडून जाणारा एक. कुठल्या शहाण्यानं नकाशावर रेघ मारली देव जाणे. एका दावणीला दोन माजलेले बैल बांधले अन् वर म्हणाला, गुण्यागोविंदानं राहा! मतदानाची खोली आमच्या शाळेत. पलीकडच्यांनी नदी ओलांडून यायचं. पहिल्या खेपेला पूल नव्हता, नाव होती. आमच्या लोकांनी आदल्या दिवशी नावेच्या बुडाच्या फळ्या सैल केल्या. भर धारेत नाव फुटली. बायका होत्या तिच्यात, कडेवरची पोरं होती. इकडं गिरणीवाल्याचा बाप निवडून आला आणि तिकडं काठाला प्रेतं लागत होती. दुसऱ्या खेपेला पलीकडचे सूड घ्यायला आले. मतपेटी विहिरीत टाकली, आणि पेटी सोडत नव्हता म्हणून कारकुनाची बोटं छाटली. मग सरकारनं पूल बांधून दिला. म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. कसले सुटतोय! आगीतून फुफाट्यात. आता मारामारीला हक्काची जागा झाली. तिसऱ्या खेपेला पलीकडचा उमेदवार पुलाच्या मधोमध खांद्यापासून बरगडीपर्यंत चिरला. ती पात आमच्या लोहाराच्या बापाच्या हातची, अन् दांडा माझ्या सासऱ्यानं तासलेला. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, ते आमच्याच घरावरून पडलं असावं.

मेला तो उमेदवार या लोहारिणीचा बाप.

त्या रक्तपातानंतर दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी समेट केला. नातं जुळलं की रक्त सांडणार नाही म्हणाले, आणि मेलेल्याची पोरगी कुऱ्हाड करणाऱ्याच्या घरात दिली. तिला कुणी विचारलंच नाही. आई आधीच गेलेली, म्हणून धाकट्या भावाला कडेवर घेऊनच ती सासरी आली. पोरगं मिसरूड फुटेपर्यंत याच अंगणात वाढलं. लोहारानं त्याला खांद्यावर नाचवलं, आजारपणात उशाशी बसला, पोटच्यासारखं सांभाळलं. समेट मात्र नावालाच राहिला; दर निवडणुकीला पुलावर डोकी फुटायची अन् पलीकडचे शाळेपर्यंत पोचायचेच नाहीत. पुढं तो पलीकडं परत गेला, ट्रक चालवायला लागला, चार लोकांत बोलायला शिकला. आणि या खेपेला गिरणीवाल्याच्या विरोधात पलीकडच्यांनी उभा केला तो हाच, ड्रायव्हर.

रेड्यानं आपली कुऱ्हाड भट्टीत सरकवली आणि लोहारिणीकडं बघून दात काढले. "वहिनी, जोरात हाण भाता. तुझ्या भावाला बापाच्याच जागेवर निजवायचाय."

ती भाता हाणत राहिली. पण दुपारच्या जेवणाला दोघं बसली तेव्हा तिचा आवाज कुंपण ओलांडून आला.

"या कुऱ्हाडींना पाणी देऊ नका."

लोहाराचा घास हातातच राहिला. धारेसाठी पात तापवली, ठोकली, की पाण्यात बुडवून कडक करावी लागते. तसं नाही केलं तर दिसायला लखलखीत, पण आतून मऊ.

"म्हणजे आमच्याकडच्यांच्या मऊ, अन् तुझ्या माहेरच्यांच्या कडक? मग तुझा भाऊ खून पाडून निवडून येईल. ते चालेल तुला?"

"नाही चालणार," ती म्हणाली. "दोन्हीकडच्या मऊ करा."

"जीव घेतील आपला."

"माझा बाप या घरच्या पातीनं मेला. मी कधी एका शब्दानं बोलले तुम्हाला? आता एवढं एकच मागते. माझा भाऊ जगू द्या."

लोहारानं ताट बाजूला सारलं. म्हणाला, "पाण्याचं पिंप कलंडून ठेव. कुणी विचारलं तर सांग, पाणी आतल्या खोलीत देतोय."

आता आमच्याकडची एक खोड सांगते. पुलावर दोन्ही बाजू समोरासमोर आल्या की आधी प्रत्येकानं आपली पात पुलाच्या लोखंडी कठड्यावर एकदा हाणायची. खण्ण वाजली पाहिजे. ती ललकारी. त्याशिवाय मारामारी सुरू करायची नाही, नाहीतर भेकड म्हणतात. लोहाराचा सगळा भरवसा या खोडीवर होता.

मतदानाच्या दिवशी पुलावर मुंगी शिरायला जागा नव्हती. मी अन् लोहारीण शाळेच्या ओट्यावर उभ्या. पलीकडून ड्रायव्हर पुढं, मागं त्याची माणसं. अलीकडून रेडा. रेड्यानं कुऱ्हाड उचलून कठड्यावर हाणली.

थप्प!

धार पत्र्यासारखी दुमडली. रेडा बघतच राहिला. दुसऱ्यानं हाणली, थप्प. समोरून पलीकडच्यांनी हाणल्या, त्याही थप्प, थप्प. सगळ्या पुलावर माणसं आपापली कुऱ्हाड उलटीपालटी करून बघायला लागली. मला हसू आवरेना, अन् लोहारीण माझ्या दंडात नखं रुतवून उभी होती.

पण कुऱ्हाड मऊ झाली म्हणून माणसं थोडीच मऊ होतात! शिवी पडली, दगड सुटला, आणि मग जुंपली. दुमडलेल्या पातींनी, दांड्यांनी, दातांनी. एकाचा कान गेला, एकाचा जबडा असा फुटला की दात त्यानं स्वतःच्या हातात मोजले. रेड्यानं ड्रायव्हरच्या खांद्यावर सगळी ताकद लावून घाव घातला. हाड मोडल्याचा आवाज ओट्यापर्यंत आला. धार असती तर बापासारखाच चिरला असता. पण तो पडला, अन् मोडका खांदा धरून परत उभा राहिला. तेवढ्यात पोलीस आले. धार गेलेल्या लोकांचं अवसान टिकत नाही, पांगले सगळे. त्या दिवशी पहिल्यांदा पलीकडची माणसं रांगेत उभी राहिली. इतकी वर्षं माझं मत माझा नवराच टाकायचा, त्या दिवशी मी टाकलं. मेलं कुणीच नाही. मोजणी झाली आणि ड्रायव्हर निवडून आला.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी लोहाराचं अंगण भरलं. अलीकडचे आले, पलीकडचेही आले, अन् एकमेकांना खेटून उभे राहिले. आमच्या हयातीत असं झालं नव्हतं. गिरणीवाला आला, रेडा आला. ड्रायव्हर खांदा झोळीत अडकवून आला. मला वाटलं, आला बाई, आता मेव्हण्याला वाचवील.

"घर पेटवा," कुणी म्हणालं. "दोन्ही हात तोडा," रेडा म्हणाला. "मग फाळ कोण करील? तुझा बाप?" तिसरा म्हणाला. गलका वाढला, तसा ड्रायव्हरनं चांगला हात वर केला.

"असं नको. मतदान घेऊ. हात वर करून. दोन्ही हात की एक?"

लोहारीण पुढं झाली. "अरे, तुझा जीव वाचावा म्हणून केलं त्यांनी! त्यांच्या खांद्यावर वाढलास ना रे तू?"

"ताई, तू मधे पडू नकोस." त्यानं तिच्याकडं बघितलं नाही. "लोक म्हणतात मी बहिणीच्या पदराआड लपून निवडून आलो. मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाही यांनी. आणि एक हात मी तुझ्यासाठीच सुचवतोय."

"मग माझं मत घे. माझं मत, एकही नको."

"ते मतदानात नाही," गिरणीवाला म्हणाला, आणि माणसं हसली.

दोन्ही हातांसाठी थोडे हात वर झाले. एका हातासाठी पुष्कळ. ड्रायव्हरनं स्वतः मोजले आणि स्वतःचाही त्यात धरला. माझ्या नवऱ्याचा पण होता. मी त्याच्या पाठीत गुद्दा घातला, तरी खाली आला नाही. एवढी सरळ निवडणूक आमच्या मतदारसंघात आजवर झालेली नाही. फसवाफसवी नाही, पेटी पळवली नाही, ज्याचं त्यानं मत दिलं, सगळ्यांसमोर मोजणी झाली.

मग त्यांनी लोहाराचा उजवा हात त्याच्याच ऐरणीवर ठेवला आणि रेड्यानं त्याचाच घण घातला. एकदा नाही. मी डोळे मिटले, पण कान कुठं मिटता येतात!

महिना झाला असेल. भट्टी पुन्हा पेटली. लोहार डाव्या हातानं सांडशी धरायचा, घण लोहारीण मारायची, आणि भाता मी हाणायची. नवऱ्याशी मी अबोला धरलेला, त्यामुळं मला वेळच वेळ. एके दिवशी ड्रायव्हर आला. अंगावर कडक कपडे, हातात दुमडलेली कुऱ्हाड.

"ताई, झालं गेलं विसर. ही नीट करून दे. या खेपेला पाणी देऊन. पुढच्या निवडणुकीला गिरणीवाला गप्प बसणार नाही."

"या घरात आता कुऱ्हाड होणार नाही," ती म्हणाली.

"असं कसं? लोहारानं नाही म्हणायचं नसतं. तू एकटीनं ठरवून चालतं का?"

"नाही चालत." तिनं घण खाली ठेवला. "मतदान घेऊ. कुऱ्हाड नको म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

तिनं हात वर केला. मी भाता सोडून माझा केला. लोहारानं सांडशी ठेवली, आणि फडक्यात गुंडाळलेला तो उजवा हात डाव्या हातानं धरून हळूहळू वर उचलला.

"मोज," ती भावाला म्हणाली.