खड्ड्यातली जनावरं

सदलग्यात गोबरगॅस पहिल्यांदा शालूबाईनं बसवला, म्हणून मी बसवला. खोटं कशाला बोलू! परसाला परस लागून, पण एका कोंबडीवरनं दोघींचं दोन वर्सं बोलणं न्हाय. तिचा चहा धुराबिगर हुणार आन् मी फुंकणी घिऊन डोळं चोळत बसू व्हय?

सासऱ्यांना, सिद्रामआप्पांना, ते पटंना. "शेणाच्या वाऱ्यावरची भाकरी मी खाणार न्हाय."

"आन् आजवर शेणी जाळून केल्याली खाल्ली, ती?"

आप्पा म्हणाले, "बेंदरापतोर बघतो. न्हाय चाललं तर खड्डा बुजवणार."

महिनाभर झकास चाललं. बैलांचा सण, बेंदूर, पंधरा दिवसांवर आला. पाव्हणे येणार, आन् शालूबाईच्या खड्ड्यागत माझ्या खड्ड्याला वास नगो. शहरातल्या भावानं फिनेलची बाटली दिल्ती. शेणात कालवून आख्खी ओतली. दोन दिवसांत शेगडी फुस्स! आप्पांनी कुदळ काढून दाराला टेकवून ठेवली.

खड्डा बसवून दिल्याल्या गॅसवाल्या साहेबांना बोलावलं. त्यांनी खड्ड्याचा वास घेतला आन् कपाळाला हात लावला. "बाई, आतली जनावरं मारलीत तुम्ही."

"म्हशी तर गोठ्यात हैत की!"

"डोळ्याला न दिसणारी. शेण ती खातात, गॅस ती सोडतात. तळ्याच्या चिखलात, म्हशीच्या पोटातही तीच. आता निम्मं उपसा आणि चालू खड्ड्यातलं शेण चार बादल्या घाला, विरजणासारखं."

चालू खड्डा गावात एकच. अब्रू गुंडाळून ठेवली आन् बादली घिऊन गेले.

"आक्का, विरजण पायजे."

"दुधाचं?" शालूबाईनं तोंड वाकडं केलं.

"शेणाचं."

फिनेलचं सांगितल्यावर ती पदर तोंडात कोंबून हसाय लागली. मग मीबी. चारातल्या दोन बादल्या तिनंच उचलल्या. वाटेत म्हणाली, "कोंबडी तुझीच हुती गं. अंडी आमी खाल्ली."

बेंदराच्या सकाळी काडी लावली आन् निळा जाळ भक्कन उठला. मी अशी वरडले की शालूबाई पळत आली! आप्पांनी त्याच जाळावरच्या पुरणपोळ्यांचा निवद बैलांना भरवला. सोता चार खाल्ल्या. मग एक पोळी घिऊन कुदळीकडंच निघाले.

त्यांनी कुदळ उचलून आत ठिवली. खड्ड्याजवळ बसले, पोळी कुस्करली आन् शेण ओतायच्या तोंडातनं आत सोडली.

"रातध्याड राबत्यात बिचारी," आप्पा म्हणाले, "बेंदूर त्यांचाबी हाय."