मी सदतीस

मित्रांनो, मी एक जुनी संख्या आहे. किती जुनी ते विचारू नका. मोजणारं कोणी जन्माला येण्याआधीही मी छत्तीस आणि अडतीस यांच्यामध्ये बसून होते. मला कोणी घडवलं नाही, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी नाही.

लहानपणी माझी फार उपेक्षा झाली. मुलं दोनपासून तीसपर्यंतचे पाढे घोकतात आणि मी त्यांतल्या एकाही पाढ्यात येत नाही. शेजारची छत्तीस मात्र चारात, सहात, नवात, बारात, अठरात, जिथे बघाल तिथे हजर. लग्नघरातल्या आत्यासारखी.

पण मला तिनाने गुणा. एकशे अकरा. सहाने गुणा. दोनशे बावीस. माझ्या पटीतली एकशे अठ्ठेचाळीस घ्या, शेवटचा आकडा उचलून पुढे ठेवा. आठशे चौदा. पुन्हा तसंच करा. चारशे एक्याऐंशी. तिघींनाही माझ्याने पूर्ण भाग जातो. असं का होतं, ते मला कळलंय. तरी अजून तोंडात बोट जातं.

कामाची वर्षं मी लोखंडी दोरांच्या कारखान्यात काढली. तिथे सदतीस तारा पिळून एक दोर होई. पिळणीच्या मशीनवर मावशी होत्या. तारेची रिळं बाराच्या पेटीत येत. मावशी तीन पेट्या रिकाम्या करत आणि एका रिळासाठी चौथी फोडत. नव्या साहेबांना ते बघवेना.

“मावशी, छत्तीस घ्या. सहा सक छत्तीस. कसं चौकोनात बसतं.”

“साहेब, दोर गोल असतो.”

“एका तारेने काय आभाळ कोसळणार आहे?”

“आभाळ नाही. माझी लेक कोसळेल.”

मावशींची लेक नर्स होती. हाच दोर नदीवर ताणला जाणार होता आणि त्याला टांगलेल्या पाळण्यातून ती रोज पलीकडच्या दवाखान्यात जाणार होती. साहेबांनी तरीही हुकूम लेखी दिला. लेखी दिलं की तार ऐकते, असा त्यांचा समज होता.

मावशींनी हुकूम पाळला. छत्तीस तारांचा हातभर तुकडा पिळला आणि साहेबांपुढे धरला. “गुडघ्यावर वाकवा.”

साहेबांनी वाकवला. मधे पोकळी होती. तारा आत घसरल्या आणि दोर चपटा झाला. मग मावशींनी सदतीस तारांचा तुकडा दिला. तो वाकला, सुटल्यावर सरळ झाला. साहेबांनी त्याचं कापलेलं तोंड उजेडात धरलं. मधे एक तार. तिच्याभोवती सहा. त्यांच्याभोवती बारा. त्यांच्याभोवती अठरा. मधमाशीच्या पोळ्यासारखी सहा बाजूंची आकृती, कुठे फट म्हणून नाही.

साहेबांनी दोनदा मोजलं. आवाज खाली आला होता.

“हे कुणी बसवलं, मावशी?”

“कुणी नाही. ते बसतंच.”

साहेबांनी चौथी पेटी स्वतः फोडली. अंगठा कापून घेतला, पण फोडली.

पहिल्या दिवशी लेक पाळण्यात बसली, तेव्हा मावशी काठावर उभ्या होत्या. पाळणा पलीकडे टेकेपर्यंत त्यांनी पापणी लवू दिली नाही. मीही नाही.

मित्रांनो, माझी काळजी करू नका. मी झिजत नाही, मला गंज चढत नाही. तारेला चढतो. दर महिन्याला तिला ग्रीस लावा, आणि लावताना घाई करू नका. पाळण्यात माणूस असतं.