कारल्याच्या रसाचा गुण

काकासाहेबांचा या जगात कुणावरच भरवसा नव्हता, एक सरूबाई सोडून. आणि नेमकी तीच रोज सकाळी त्यांच्या रसात गोळी कुटून घालत होती. आता लगेच बाईला नावं ठेवू नका, आधी ऐकून तर घ्या.

काकासाहेबांनी चिकलठाण्याच्या कारखान्यात लेथ मशीनवर उभी हयात काढली. तोवर त्यांना जग साधं वाटायचं. रिटायर झाले, पोरानं, सत्यमनं, कौतुकानं मोठा मोबाइल हातात दिला आणि घरात शनी शिरला. त्यांना कळलं की सारं जग पाच-सात माणसं चालवतात. ती कुठल्याशा बर्फाच्या डोंगरावर बसून ठरवतात की यंदा कांद्याला भाव द्यायचा का नाय. निवडणुका, अवकाळी पाऊस, करोना, पोरींच्या जीन्स, सगळं तिथूनच येतं. लग्नातलं उभ्यानं जेवणसुद्धा. उभ्यानं जेवलं की गुडघे जातात, गुडघे गेले की पंगत मोडते, पंगत मोडली की भावकी तुटते, आणि भावकी तुटल्यावर देश बुडायला कितीसा वेळ? हे सगळं ते इतक्या तळमळीनं सांगायचे की ऐकणाराही जरा वेळ खुर्ची शोधायचा.

घर विमानतळापासून जवळ. आभाळात उंचावर एखादं विमान पांढरी रेघ ओढत गेलं की काकासाहेब सावध व्हायचे. लहानपणी बापाच्या कपाशीवर त्यांनी पाठीवर पंप घेऊन फवारणी केलेली. त्यांना ती रेघ ओळखायला दुसऱ्या कुणाची गरज नव्हती. फुकट एवढं औषध कोण उधळतंय, असं म्हणत ते जिन्यानं वर धावायचे, पाण्याच्या टाकीवर झाकण टाकायचे आणि दोरीवरचे कपडे काढायला सरूबाईला हाका मारायचे. त्या घरात कपडे वाळायची मारामार होती.

एवढं सगळं सरूबाईनं हसण्यावारी नेलं असतं. माणूस दारू पीत नव्हता, पत्ते कुटत नव्हता, मोबाइल चाळत होता, चाळू दे. पण एक दिवस मेसेज आला की बीपी हा रोगच नाय, गोळ्या खपवायला कंपन्यांनी काढलेली ती एक शक्कल आहे. झालं. गोळ्या बंद, आणि सकाळी अनशापोटी कारल्याचा रस चालू. थोड्याच दिवसांत काकासाहेब मोरीत चक्कर येऊन पडले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं की असंच चाललं तर एखाद्या दिवशी अर्धं अंग लुळं पडेल. काकासाहेब गालात हसले. डॉक्टरला किती कमिशन सुटतं ते त्यांना पाठ होतं.

सरूबाईला मात्र हसू आलं नाय. तिचा सासरा याच दुखण्यानं खाटेला खिळला होता आणि त्याचं सगळं तिनंच काढलं होतं. ती गुपचूप एकटी दवाखान्यात गेली आणि ही गोळी कुटून दिली तर चालंल का, असं विचारून आली. डॉक्टर म्हणाले, ही कुटली तरी चालते, पण त्यांना सांगून द्या. सांगून देण्याचं तेवढं सोडून बाकी सगळं तिनं ऐकलं.

कारल्यासारखी कडू जात दुसरी नाय, त्यात काहीही खपतं. काकासाहेब नाक दाबून रस प्यायचे आणि वर ग्लासात पाणी घालून, विसळून तेही प्यायचे. बीपी खाली आलं. बीपी मोजायचं मशीन परदेशी होतं, पण आकडा आपल्या बाजूनं लागल्यावर परदेशी मशीनवरही त्यांचा विश्वास बसला. त्यांनी मशीनचा फोटो काढून सगळ्या ग्रुपांवर टाकला, नातेवाइकांच्याही. सकाळी फिरायला येणारे म्हातारे त्यांना वैद्यबुवा म्हणू लागले. सरूबाई पदर तोंडाला लावून हसायची. खरं सांगायचं तर तिला लई मजा येत होती.

मग एका रविवारी तिचा पाठचा भाऊ लक्ष्मण दौलताबादहून पेरूची पिशवी घेऊन आला. लक्ष्मणचा किल्ल्याच्या पायथ्याला पेरूचा बाग. माणूस पहिल्यापासून दाजींच्या शब्दाबाहेर नाय. मागं त्याला अटॅक आला तेव्हा छातीत स्प्रिंग बसवली होती, आणि रक्त पातळ राहायच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत असं बजावलं होतं. त्यानं चहाचा घोट घेतला आणि आनंदानं सांगितलं की दाजींचा फोटो बघितल्यापासून आपण गोळ्या उकिरड्यावर फेकल्या, आता बांधावरच्या कारल्याचा रस चालू आहे. काकासाहेबांची छाती फुगली. सरूबाईच्या हातातलं ताट तसंच राहिलं.

तिनं त्याला बाजूला घेऊन समजावलं, रागावलं, आईची शपथ घातली. लक्ष्मण ढिम्म हलेना. त्याच्याकडं पुरावा होता.

"अक्का, दाजींचं बीपी तुझ्या डोळ्यांदेखत उतरलं. खोटं हाय का?"

खोटं कुठं होतं? सांगावं तर नवरा परत तिच्या हातचं पाणी पिणार नाय, मग गोळी कसली आणि काय. न सांगावं तर भाऊ हातचा जाईल. मग तिनं नवऱ्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"तुमचं बीपी कारल्यानं नाय उतरलं. मी रोज रसात गोळी घालती."

काकासाहेबांनी तिच्याकडं बघितलं. मग डोळे बारीक केले आणि आवाज उतरवला.

"तुला त्यांनी कुठं गाठलं?"

"कुणी?"

"कंपनीवाल्यांनी."

सरूबाईनं कपाळावर हात मारून घेतला. मग ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटांचा गठ्ठा काढून ओट्यावर टाकला. काकासाहेबांनी एक पाकीट उलटं केलं, दुसरं केलं, आणि भिंतीला टेकून खालीच बसले. सातासमुद्रापलीकडचे कट ज्यांना घरबसल्या दिसायचे, त्यांच्या नशिबातला एकुलता एक खरा कट त्यांच्याच ओट्यावर शिजला होता, आणि तो ते रोज ग्लास विसळून पीत होते.

"इख घातलं असतंस तरी मला कळलं नसतं," ते म्हणाले.

"व्हय. नाय घातलं म्हणून तर बसलात इथं." आणि मग तिला रडू फुटलं. "माझ्यावर काय रागवायचं ते मागून रागवा. आधी लक्ष्मणला सांगा. तो माझं नाय ऐकत, तुमचं ऐकतो. त्याला काय झालं तर मी तुम्हाला माफ नाय करणार, अन् मलाबी."

काकासाहेब उठले. बाहेरच्या खोलीपर्यंत चार पावलं, पण ती त्यांना जड गेली. बायकोच्या भावापुढं दाजीनं मान खाली घालायची म्हणजे काय, हे ज्याला मेव्हणा आहे त्यालाच कळेल. म्हणून त्यांनी आधी एक पळवाट काढली. लक्ष्मणला म्हणाले की गड्या, आतली खबर लागलीय, कंपन्यांनी कारल्याचं बियाणंच बिघडवलंय, तेव्हा तूर्त गोळ्या चालू कर. सरूबाई दाराआड उभी होती. तिला वाटलं, सुटलो.

पण लक्ष्मण पडला शेतकरी. तो म्हणाला, दाजी, माझं बी घरचंय, आज्याच्या हातचं, कुठल्या कंपनीचा बाप त्याला हात लावतोय?

काकासाहेबांनी दाराकडं बघितलं. सरूबाईचे डोळे अजून ओले होते.

"बी चांगलंय तुझं," ते म्हणाले. "मी येडा. तुझी बहीण माझ्या रसात गोळी घालत होती. उतरलं ते गोळीनं."

लक्ष्मणचा हात छातीवर गेला. त्याचा चेहरा बघून काकासाहेबांनी स्कूटरची चावी घेतली आणि त्याला मागं बसवून थेट दवाखाना गाठला. डॉक्टरांनी दोघांना एकाच दमात झापलं आणि लक्ष्मणच्या गोळ्या तिथंच चालू केल्या. नशीब बलवत्तर, त्याला काही झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सरूबाईनं गोळी बशीत ठेवून नवऱ्यापुढं सरकवली. कुटली नव्हती, अख्खी. काकासाहेबांनी ती उजेडात धरली, वास घेतला, आणि पाण्याबरोबर गिळली. मग ते बायकोकडं वळले.

"आणखी काय काय घातलंस मला आजपर्यंत?"

सरूबाई चहा गाळत होती. "आता एवढ्या वर्षांचं कुठं ध्यानात राहतंय," ती म्हणाली, आणि कप त्यांच्यापुढं ठेवला.

काकासाहेबांनी कप उचलला, खाली ठेवला, परत उचलला. चहा निवत चालला होता आणि दुसरं कुणी करून देणारं नव्हतं. प्याले.