गुरुवारचं शांत पाणी

परिसंवादाच्या तिसऱ्या दिवशी पाटकऱ्याला आपण विद्वान आहोत असं वाटायला लागलं. त्याचं त्यालाच हसू येत होतं, पण वाटायचं काही थांबत नव्हतं. अंगात मुलाचा कोट, गळ्यात नावाची पट्टी आणि तिच्यावर कुणीतरी चुकून छापलेलं ‘डॉक्टर’. सुनेनं पहिल्या दिवशी ते वाचून दाखवलं तेव्हा तो म्हणाला होता, “बदलून घे बाई.” पण म्हणाला इतक्या हळू, की तिला ऐकू जाऊ नये.

एकतीस वर्षं त्यानं कालव्याच्या दारावर काढली होती. दार उघडायचं, पाणी सोडायचं आणि पुढच्या वळणावर रोवलेल्या मोजपट्टीवरचा आकडा तासातासाला वहीत लिहायचा. अक्षर त्याला चाळिशीत आलं; त्याआधी नुसते आकडेच यायचे. पण ते असे ठसठशीत काढायचा, की साहेब पानं उलटायचे आणि सही करून मोकळे व्हायचे.

खात्यानं रद्दीत काढलेल्या त्या वह्या सुनेनं घरी आणल्या. ती गणितवाली. संगणकात पाण्याचे फरशीसारखे चौकोन पाडायचे आणि एका चौकोनातलं पाणी शेजारच्या चौकोनात कधी नि किती सरकेल ते काढायचं, हा तिचा उद्योग. दार उघडल्यावर उठलेली लाट कुठे कधी पोचेल हे तिचं गणित आधीच सांगायचं, आणि ते खरं की खोटं हे सासऱ्याच्या वह्या सांगणार होत्या. इथेच घोडं अडलं होतं. काही दिवशी गणित म्हणे लाट आली, वही म्हणे पाणी निवांत. चार वर्षं ती या निवांत पाण्याशी झगडत होती. आज दुपारी आठ देशांची माणसं मिळून ठरवणार होती, पुढचं काम तिच्या गणितावर करायचं की लंबूच्या.

लंबू म्हणजे परदेशातला एक उंच, वाकलेला प्राध्यापक. आता तोच फळ्यापाशी उभा होता. त्यानं समीकरणाच्या शेपटीला एक नवा तुकडा जोडला होता. तो जोडला की निवांत दिवससुद्धा वहीबरहुकूम जुळायचे.

“काय म्हणतोय?” पाटकऱ्यानं विचारलं.

“पाणी मधूनमधून सुस्तावतं म्हणतोय,” सून पुटपुटली. “आणि त्या तुकड्याला तुमचं नाव दिलंय.”

“माझं?”

“तुमचं. आता पुस्तकात जाईल.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाटकरी अर्धवट उठला, मान लववली, परत बसला. शेजारी सून आपल्या कागदावर ओळीमागून ओळ खोडत होती.

“हे सुस्तावतं कधी कधी?” त्यानं सहज विचारलं.

“दर सात दिवसांनी. गुरुवारी. वर कुठेतरी पंप बंद राहत असतील म्हणतात.”

पाटकऱ्यानं गळ्यातली पट्टी हळूच कोटाच्या आत सरकवली. पंपबिंप काही नव्हतं. गुरुवारी गावचा बाजार असायचा, आणि बाजारामागे झाडाखाली पत्त्यांचा डाव बसायचा. सकाळी दार उघडून तो सटकायचा आणि संध्याकाळी येऊन दिवसभराचे आकडे एका दमात लिहायचा. एक बोट वर, एक बोट खाली. लबाडी करायची तर बेताची, म्हणून लाटबिट कधी दाखवायची नाही. साहेबांना संशय आला नव्हता. आठ देशांनाही आला नाही. एवढं सुबक खोटं आपल्या हातून उतरलं याचा त्याला क्षणभर अभिमानच वाटला, आणि मग स्वतःच्या श्रीमुखात द्यावीशी वाटली.

“बाई,” तो म्हणाला, “खोडू नकोस. तुझं बरोबर आहे. माझं खोटं आहे.”

तिनं सगळं ऐकून घेतलं. पेन्सिल खाली ठेवली. “हे इथे सांगाल?”

“तू सांग. मला कुठे त्यांची भाषा येते?”

“सांगायचं तुम्ही. मी नुसतं पोचवीन.”

पाटकरी उभा राहिला. घसा खाकरला. “गुरुवारी माझी तब्येत जरा—”

सुनेनं ते पोचवलंच नाही.

“एकतीस वर्षं, बाबा? दर गुरुवारी?”

“बरं बाई. पत्ते खेळत होतो म्हणून सांग.”

तिनं सांगितलं. मग लंबूनं काहीतरी विचारलं.

“विचारतात, जिंकायचात का?”

“तिथेही नाही म्हणावं.”

हशा पिकला, पण अध्यक्षीणबाई हसल्या नाहीत. गुरुवार खोटे तर बाकीचे वार कशावरून खरे, असं त्यांनी विचारलं. सुनेचा चेहरा उतरला. वह्याच गेल्या तर तिच्या हाती काय उरणार? तिनं सासऱ्याकडे वळून सगळ्यांसमोर विचारलं, “रविवारचं काय? रविवारी तरी कुठे होतात?”

“दारावरच. रविवारी तुझ्या सासूचे भाऊ यायचे मुक्कामाला. मी घरी थांबतोय कशाला? दर तासाला काय, दर घटकेला मोजायचो.”

हे तिनं पोचवलं. एवढं कारण अध्यक्षीणबाईंना पटलेलं दिसलं. “मग रविवारच लावा,” त्या म्हणाल्या.

जेवणाची वेळ टळून गेली तरी कुणी उठलं नाही. पडद्यावर सुनेच्या गणिताची निळी रेघ सरकू लागली आणि वहीतले ठिपके एकेक करून तिच्यावर येऊन बसले. मग सोमवार, मग मंगळवार, सगळे बसले. लंबू फळ्याकडे गेला आणि पाटकऱ्याच्या नावाचा तुकडा त्यानं स्वतःच्या बाहीनं पुसला. जरा सावकाशच पुसला. पाटकऱ्यालाही ते बघवलं नाही.

संध्याकाळी सून तिथेच बसून निबंध नव्यानं लिहीत होती. पुढचं काम आता तिच्या गणितावर होणार होतं.

“माझं नाव कुठेच नाही का मग?” त्यानं विचारलं.

“आहे की. हे बघा. पाण्याची मोजणी सासऱ्यांनी केली, गुरुवार वगळून.”

“ते गुरुवारचं जरा बारीक अक्षरात घालता नाही येणार?”

“नाही.”

“बरं,” पाटकरी म्हणाला आणि कोट काढून खुर्चीच्या पाठीला लावला. “राहू दे मोठंच.”