चौथा लिफाफा

अंगणवाडीसाठी वीस छोट्या खुर्च्या घ्यायच्या होत्या. नियमाने तीन कोटेशनं हवीत, आणि ग्रामपंचायतीच्या रीतीने ती तिन्ही एकच पुरवठादार तीन दुकानांच्या लेटरहेडवर स्वतः आणून देई. क्लार्क अपेक्षा पाच वर्षं ती निमूट फाईलला लावत आली होती. यंदा मात्र बाहेरच्या फळ्यावरची नोटीस वाचून गावातले सुतार दाजी मेस्त्री यांनी खरोखरच चौथा लिफाफा आणून दिला. दर सगळ्यांत कमी, लाकूड फणसाचं. अपेक्षाने तो न नोंदवता ड्रॉवरमध्ये सारला. कुणी सांगायचीही गरज पडली नाही. हाताला तसं वळणच पडलं होतं.

खुर्च्या आल्या त्या प्लास्टिकच्या. दुसऱ्या दिवशी दाजी टोपी हातात धरून तिच्या टेबलासमोर उभे राहिले.

"माझो दर जास्त झालो काय गो?"

"हो, जास्त होता," ती म्हणाली. खोटं बोलायला ऑफिसातली मराठी बरी पडते.

दाजी ओशाळले, जणू चूक त्यांचीच होती.

"बरां," ते हळूच म्हणाले, "फुडच्या खेपेक मी माझी मजुरी धरूचंय नाय."