गुडघ्याएवढी छाटणी

सकाळी नऊच्या सुमाराला छोटीने आईचं झाड कापलं. छाटलं असं म्हणायची सोयच नव्हती. डोक्याच्याही वर गेलेलं, पंचेचाळीस वर्षांचं गुलाबाचं झाड तिने गुडघ्याएवढं करून ठेवलं.

ताई त्या वेळी मागच्या खोलीत शिवणयंत्रावर उशांचे अभ्रे शिवत होती. कात्रीचा आवाज तिला येत होता, पण वाटलं, कडेची झुडपं सारखी करत असेल. उठून तारेच्या कुंपणापाशी आली, तेव्हा छोटी कपाळावरचा घाम पुसत होती आणि तिचा नवरा टोपली धरून उभा होता.

"अगं, काय केलंस हे!"

"छाटणी," छोटी म्हणाली. थंड हवेच्या गावात तीस वर्षं शाळा चालवून ती निवृत्त झाली होती. अजूनही बोलताना समोर वर्ग बसलाय असं बोलायची. "शाळेच्या बागेत दर वर्षी हेच करत होते मी. माझे गुलाब बक्षिसं घ्यायचे."

"ते तुझे थंडीतले गुलाब. थंडीत झोपतात, म्हणून कापलेलं सोसतात. हे झाड झोपतच नाही, बाई! आपल्याकडे बारा महिने जागं असतं ते. त्याचं सगळं अन्न त्या जुन्या लाकडात. आईने वाळकी काटकी सोडून कधी काही काढलं नाही."

"आई काही शिकलेली नव्हती."

"आणि तू शिकलीस, त्याचं फळ हे!"

"दीड महिन्यात बघ कसं तरारून येतं ते. आणि माझ्या हद्दीत डोकवायचं काम नाही."

"डोकवायला कशाला हवं? आंधळ्यालाही दिसेल असा खून केलायस." ताई तिच्या नवऱ्याकडे वळली. "भावोजी, तुम्ही तरी सांगायचं होतं."

"मी फक्त टोपली धरली होती, ताई," ते म्हणाले. संसारातही त्यांनी तेवढंच केलं होतं.

आई गेल्यावर घराची वाटणी झाली. पुढच्या दोन खोल्या आणि बाग छोटीला, मागच्या दोन खोल्या आणि फरसबंदी अंगण ताईला. ताईने लग्न केलं नव्हतं. अकरा वर्षं अंथरुणावरच्या आईचं सगळं तिनेच केलं. वाटणीत तिने एकच गोष्ट मागितली होती, चहाचा गुलाब. घरात आईच्या या झाडाला तेच म्हणत. फिक्या जर्दाळू रंगाचं, मान खाली घालून उमलणारं फूल, आणि वास थेट नुकत्याच उघडलेल्या चहाच्या डब्याचा. नर्सरीवाल्याला विचारलं तर तो हसला होता. म्हणाला, असला जुना वाण आता कोण ठेवतंय, लोकांना ताठ मानेची फुलं लागतात.

त्यावर छोटीचं उत्तर होतं, "झाड जमिनीत आहे आणि जमीन माझी आहे." मग ताईने निदान एक कलम मागितलं. "एक पानसुद्धा तोडायचं नाही," छोटी म्हणाली होती. तेव्हापासून दोघींमध्ये तार होती आणि तारेवरून भांडण.

"हे सगळं फेकून द्या," छोटीने नवऱ्याला सांगितलं.

"कुठे?"

"कुठेही फेका! माझ्या डोळ्यांसमोरून घालवा," म्हणत ती हात धुवायला आत गेली.

भावोजींनी फाटकाकडे पाहिलं. कोपऱ्यावरची कचराकुंडी लांब, ऊन कडक. त्यांनी टोपली उचलली आणि तारेवरून सरळ ताईच्या अंगणात रिकामी केली.

ताईचं टाळकंच सरकलं. झाड मारायचं ते मारायचं, वर मढं माझ्या दारात? पदर खोचून ती तोंड उघडणार, एवढ्यात पायाशी पडलेल्या फांदीकडे तिचं लक्ष गेलं. पेन्सिलीएवढी जाड, हिरवीगार. पानाच्या बगलेतले डोळे फुगून टच्च झालेले. अशा तीसचाळीस तरी होत्या.

एक कलम मागत होते, आणि देवाने सगळं झाड पाठवलं, तिच्या मनात आलं. तिने खिडकीकडे नजर टाकली आणि छोटीला नीट ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "टाका, टाका! सगळी घाण माझ्याच दारात टाका! मी काय, बोलूनचालून उकिरडाच!"

"कटकट नको, टाका तिथेच!" आतून छोटीचा आवाज आला. भावोजींनी निमूटपणे आणखी दोन टोपल्या आणून टाकल्या. तिसरी टाकताना ते ताईकडे बघत नव्हते, पण फांद्या मोडू नयेत म्हणून हळू सोडत होते.

दुपारपर्यंत ताईने चौतीस कलमं लावली. प्रत्येकाला चार डोळे, खालची पानं काढलेली, जाडसर वाळू भरलेले डबे, वर काचेच्या बरण्या उपड्या. पाण्याच्या टाकीच्या सावलीत रांग लावून ती हात जोडून उभी राहिली. "देवा, मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "बरं, पुष्कळ मागितलंय. पण हे माझ्यासाठी नाही." पुन्हा थांबली. त्याच्यासमोर खोटं कशाला बोलायचं? "माझ्यासाठीच आहे. पण दे."

देव देत होता, तीच मूळ धरू देत नव्हती. चाळीस वर्षं शिवणकाम केलेला हात. टाका घातला की ओढून बघायचा, पक्का बसला का. तसंच ती रोज सकाळी एकेक कलम जरासं ओढून बघायची. दोन आठवड्यांत बारा काळी पडली, महिन्यात पंचवीस. तिने उन्हाला दोष दिला, वाळूला दिला, छोटीच्या दृष्टीला तर दिलाच. मग एके दिवशी ओढलेलं कलम हातात आलं आणि खाली पांढऱ्या दोऱ्यासारखं मूळ लोंबत होतं, मधोमध तुटलेलं. उरलेल्या आठांना तिने त्यानंतर बोट लावलं नाही. त्यातलं एक जगलं.

तारेपलीकडे आईच्या झाडाला आधी लालसर कोंब फुटले. छोटी मुद्दाम ताईला ऐकू येईल असं नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? सांगत होते मी!" पण पंधरा दिवसांत कोंब टोकाकडून काळे पडू लागले, आणि काळं खाली उतरत गेलं. छोटीने खत घातलं, पाणी वाढवलं. चौथ्या महिन्यात भावोजींनी बुंधा खणून काढला. त्या दिवशी पुढच्या खोल्यांतून कुणाचाही आवाज आला नाही. ताईने भांडायचं सगळं मनात तयार ठेवलं होतं, ते तसंच राहिलं.

दुसऱ्या दिवशी छोटी मागच्या दाराने ताईच्या अंगणात आली. वाटणीनंतर पहिल्यांदाच. डब्यातलं वीतभर रोप तिने पाहिलं, पान दोन बोटांत धरलं आणि तिचा चेहरा उतरला. शेंड्याला एक कळी होती.

"हे कुठून आलं?"

"तुझ्या कचऱ्यातून."

"चोरी केलीस."

"फेकलेलं उचललं. विचार तुझ्या नवऱ्याला, टोपली त्यांच्याच हातात होती." असं म्हणत ताईने कळीकडे हात नेला.

"हात लावू नकोस तिला!"

"खुडायचीय. पहिल्या वर्षी कळी ठेवत नाहीत. एवढ्याशा मुळांना फूल झेपत नाही."

"खोटं! मला बघू द्यायचं नाही तुला."

"तुला छळायला मी माझं रोप वापरीन होय? एवढं एकच उरलंय."

छोटीने पान सोडलं. मग बोलली तेव्हा शाळेतला आवाज नव्हता. "आई गेली तेव्हा मी दोन दिवस उशिरा पोचले. तोवर तू सगळं धुऊन टाकलं होतंस. पांघरुणं, उशी, तिची साडीसुद्धा. दोरीवर नुसता साबणाचा वास. तिच्या अंगाला या फुलाचा वास यायचा गं. मला खूप फुलं हवी होती, ताई. म्हणून कापलं."

"आजाऱ्याची खोली धुवावीच लागते," ताई कडाडली. "अकरा वर्षं कोण धूत होतं? तू दोन दिवसांचं सांगतेस मला?"

छोटीचे डोळे कळीवर होते. ताईची बोटं कळीच्या मानेवर तशीच थांबली. खुडलं तर रोप वाचेल. नाही खुडलं तर काय होईल ते देवालाच ठाऊक. मग तिने हात मागे घेतला.

"आठ दिवस लागतील," ती म्हणाली. "आणि हे मेलं तर मी तुझ्या नावाने रडेन. सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं रडेन."

"रड," छोटी म्हणाली आणि गेली.

ती सहाव्याच दिवशी आली. फूल उमललं होतं, मान खाली घालून. वरून फक्त पाकळ्यांची पाठ दिसत होती.

"वरून काय बघतेस? खाली बस."

"कंबर धरलीय माझी."

"मग राहा उभी."

छोटी भिंतीला धरत धरत फरशीवर बसली, वाकली, आणि फुलाखाली तोंड नेऊन डोळे मिटले. ताई वरून बघत होती.

"लहान आलंय," थोड्या वेळाने छोटी म्हणाली.

"डब्यातलं आहे ते."

"आईच्या झाडाला केवढं यायचं."

"आईचं झाड तू मारलंस."

"हो," छोटी तशीच, फुलाखालून तोंड न काढता म्हणाली.

ताई आत गेली, दोरा कापायची बारीक कात्री घेऊन आली, बोटभर देठ ठेवून फूल कापलं आणि बहिणीच्या ओंजळीत टाकलं. "घे. आता त्या रोपाला आणखी ओझं नको. आणि जा बघू, माझे सहा अभ्रे पडलेत शिवायचे."

"मला उठता येत नाहीये."

"मग बसलीस कशाला?" म्हणत ताईने हात पुढे केला.